सापडावे म्हणून लपविलेले

गेल्या आषाढात चार दिवस पावसाने उसंत घेतली नाही. शाळांस सुट्टी पडली, मुलांचे पत्ते खेळून झाले, पत्त्यांवरची भांडणे भांडून झाली, आणि चौथ्या दिवशी सकाळी कोणीतरी त्या सर्वांस आमच्या खोलीकडे पिटाळून दिले. शब्दकोडी रचण्याचा उद्योग आम्ही पुष्कळ वर्षे करीत आलो आहो. त्यापासून घरातील माणसांस काही उपयोग झाल्याचे उदाहरण मात्र विरळा. आज ती संधी आली असे समजून आम्ही एक कागद घेतला, त्यावर तीन आडव्या व तीन उभ्या ओळींची नऊ घरे आखली, आणि आडवे वाचले तरी तेच व उभे वाचले तरी तेच, असे तीन शब्द मनाशी ठरवून मुलांस खुणा सांगितल्या.

पहिली खूण अशी: जे पिताही येते आणि जगताही येते. आमचा मोठा नातू शाळेत संस्कृत शिकतो. ‘जीवन’ म्हणजे पाणीही होते हे त्यास ठाऊक होते, त्यामुळे पहिली ओळ लवकर भरली. दुसरी खूण: शेतकऱ्याचे औत, मधल्या अक्षरास काना दिला तर इंग्रजांनी ती सुरतेस घातली. येथे गंमत झाली. वखार सर्वांनी तत्काळ ओळखली, कारण ती इतिहासाच्या पुस्तकात आहे. वखर मात्र एकानेही पाहिला नव्हता. नांगरटीनंतर ढेकळे फोडण्यास व तण काढण्यास बैलांमागे ओढतात ते आडव्या लोखंडी पात्याचे औत, इतके सांगून आम्ही पुढे गेलो. शेवटच्या ओळीतील ‘न’ आणि ‘र’ ही अक्षरे उभ्या शब्दांमुळे आपोआप आली होती, म्हणून तिसरी खूण आम्ही थोडी आळसानेच दिली: नरापुढे एक अक्षर ठेवा.

अकरा वर्षांच्या नातीने लागलीच ‘नरक’ असे लिहिले. ते चुकले, तेथे ‘नरम’ पाहिजे, असे आम्ही सांगितले. तिने का म्हणून विचारले. आमच्या कागदावर तसे आहे, असे उत्तर आम्ही दिले. त्यावर ती म्हणाली, “पण आजोबा, मग ते तुमच्या कागदातले उत्तर झाले. कोड्यात ते कुठे आहे?”

या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. कोडे घालणाऱ्याच्या साऱ्या धंद्याचे मर्म त्या एका प्रश्नात आहे. म्हणून या महिन्यात त्याच विषयावर चार शब्द लिहावयाचे योजिले आहे.

आडव्या-उभ्या शब्दांचे कोडे वयाने काही फार मोठे नाही. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या पत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलकर गृहस्थाने ते प्रथम छापिले. त्याची आकृती आजच्यासारखी चौकोनी नसून शंकरपाळ्यासारखी होती. लोकांस ते आवडले, आणि पत्राकडे वाचकांनी रचलेल्या कोड्यांचा ओघ सुरू झाला. काही वर्षांनी त्यांची निवड करण्याचे काम मार्गारेट पेदरब्रिज नावाच्या तरुणीकडे आले. प्रारंभी ती कोडी न सोडविताच, दिसण्यात जे नीटस असेल ते छापावयास देत असे. अर्थात् चुका निघत आणि वाचक संतापत. पुढे एके दिवशी आपल्याच पत्रातील कोडे तिने स्वतः सोडवावयास घेतले, तेव्हा वाचकांचा संताप किती रास्त आहे हे तिला कळून आले. तेव्हापासून छापण्यापूर्वी प्रत्येक कोडे सोडवून पाहावयाचे, असा नियम तिने केला. १९२४ मध्ये शब्दकोड्यांचे पहिले पुस्तक निघाले ते सिद्ध करणाऱ्यांत ती होती. आणि १९४२ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने शब्दकोडे सुरू केले तेव्हा त्याची पहिली संपादिका तीच झाली. १९६९ पर्यंत ते काम तिने केले. एका दिवसाच्या ओशाळेपणातून जन्मभराची शिस्त निघाली, असे आम्हास वाटते.

इंग्लंडात ‘डेली टेलिग्राफ’ने १९२५ मध्ये व ‘टाइम्स’ने १ फेब्रुवारी १९३० पासून शब्दकोडे देण्यास आरंभ केला. ‘टाइम्स’चे पहिले कोडे रचणारा एड्रियन बेल हा सफोक परगण्यात शेती करणारा लेखक. कोडी रचण्याचा त्यास काडीचाही अनुभव नव्हता. तथापि पुढे त्याने सुमारे पाच हजार कोडी रचिली. ‘टाइम्स’मध्ये रोजचे कोडे रचणाऱ्याचे नाव छापण्याचा प्रघात नाही. त्यामुळे कित्येक वर्षे सकाळच्या चहाबरोबर ज्याच्याशी लोक झुंज घेत, तो कोण हे बहुतेकांस ठाऊकही नसे. इतर पत्रांतील मंडळी टोपणनावे घेत, आणि ती नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘ऑब्झर्व्हर’मध्ये एडवर्ड पॉविस मॅथर्स याने ‘टॉर्केमाडा’ हे नाव घेतले, त्याच्यामागून डी. एस. मॅकनट या शिक्षकाने ‘झिमेनीझ’ हे घेतले. दोन्ही नावे स्पेनमधील धर्मन्यायालयाच्या छळवादी अधिकाऱ्यांची! वाचकांस आपण पिडतो याची कबुली या मंडळींनी नावातच देऊन ठेविली होती.

तथापि हा पिडण्याचा धंदा एकट्याचा असतो असे कोणी समजू नये. टॉर्केमाडा शब्द निवडी, आणि ते चौकटीत बसविण्याचे किचकट काम त्याची पत्नी करी. कोडे रचणारा घरात बसलेला दिसतो, पण त्याचे चित्त कोठे असते हे घरच्यांस ठाऊक असते. दुकानावरची पाटी वाचली तरी तो अक्षरे मोजतो. लग्नपत्रिका हाती आली तर वराच्या आडनावाची अक्षरे उलटी करून पाहतो. पानावर आमटी निवत असता ‘वदन’ आणि ‘नदी’ यांचा सांधा जुळवीत राहतो. कोडे नीट जमले तर कोणी पत्र लिहीत नाही. एक घर चुकले तर मात्र आठवडाभर टपाल येते, आणि त्यातील अक्षरन् अक्षर खरे असते.

मराठीत हा उद्योग अंमळ निराळा आहे, तो कसा हे सांगितले पाहिजे. इंग्रजीत एका घरात एक वर्ण बसतो. आपल्याकडे एका घरात संबंध अक्षर बसते. व्यंजन, त्याची मात्रा, अनुस्वार, जोडाक्षर, सारा संसार त्याच घरात. ‘स्त्री’ हा शब्द एका घरात मावतो आणि ‘पाटलीपुत्र’ पाच घरांत आटोपते. म्हणजे आपले शब्द आखूड होतात, ही एक अडचण. दुसरी अडचण मोठी. इंग्रजी शब्दातील एखाद्या वर्णास छेदून जाणारा शब्द पुष्कळांतून निवडता येतो. आपल्याकडे ‘क’ला ‘क’च छेदतो, ‘का’ चालत नाही, ‘की’ चालत नाही, ‘क्र’ तर नाहीच. बाराखडीतील प्रत्येक रूप हे निराळे घराणे, आणि सोयरीक स्वतःच्याच घराण्यात करावयाची, असा हा विचित्र नियम आहे. म्हणूनच ‘नगर’, ‘सरस’, ‘वदन’, ‘नमन’ ही विना-मात्रेची साधी मंडळी मराठी कोड्यांत वरचेवर भेटतात, आणि काळी घरेही जास्त पडतात. नऊ घरांचे हे कोडे पुरते बसावे म्हणून आम्हास वखर शेतातून आणावा लागला, तो यामुळेच.

जी व न
व ख र
न र म

एक सोय मात्र झाली. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम मान्य झाले आणि न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. तत्पूर्वी माणसाचे ‘नांव’ अनुस्वाराने लिहीत आणि पाण्यातील ‘नाव’ बिनअनुस्वाराची असे. आता दोन्ही एकाच घराला येऊन राहिली आहेत. ‘प्रत्येकास असते, थोड्यांची पाण्यावर चालते’ अशी खूण आज देता येते. आमच्या आजोबांच्या काळी ती कोणी दिली असती तर पंतोजींनी छडी उगारली असती.

कोडे घालण्याची हौस आपणास इंग्रजांकडून आली नाही, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे. संस्कृतात प्रहेलिका आहेत. त्यांतही ज्याचे उत्तर श्लोकातच दडलेले असते ती अंतर्लापिका, आणि ज्याचे बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका, असा भेद केला आहे. महाभारत लिहून घेताना व्यासांनी गणपतीस अर्थ समजल्यावाचून लिहू नये अशी अट घातली, आणि आपणास पुढचे सुचेपर्यंत लेखणी थांबावी म्हणून मधून मधून कूटश्लोक घातले, ही कथा लहानपणी सर्वांनी ऐकली आहे. त्या कथेत आम्हास नेहमी एक गोष्ट नवल वाटावयास लावते. व्यासांस गणपतीचा पराभव करावयाचा नव्हता. गणपती क्षणभर थबकावा, आणि मग त्यास अर्थ कळावा, एवढेच त्यांस हवे होते. न कळणारा श्लोक घातला असता तर महाभारतच अडून बसले असते.

कोडे घालणाऱ्याचा धर्म तो हाच. तो लपवितो, पण सापडावे म्हणून लपवितो. झिमेनीझ ऊर्फ मॅकनट याने १९६६ मध्ये या कलेवर पुस्तक लिहिले. त्याच्या पंथाचा दंडक असा की, खुणेत एक शब्दाचा अर्थ असावा, दुसरी शब्द कसा बनला याची वाट असावी, आणि याहून अधिक काही नसावे. दोन वाटा एकाच घरी पोहोचल्या की सोडविणाऱ्यास आपले उत्तर बरोबर असल्याची खात्री पटते. कोणास विचारावे लागत नाही, कागद उलटून पाहावा लागत नाही. आमच्या तिसऱ्या खुणेत अर्थाची वाट नव्हतीच. ‘नरापुढे एक अक्षर’ याने ‘नरक’ही होतो आणि ‘नरम’ही होते. दोहोंतून एक निवडण्याचा अधिकार आम्ही कोड्यास न देता स्वतःकडे ठेविला होता, आणि मुलीने नेमके तेथेच बोट ठेविले.

ही चूक लहान दिसते. पण हिच्याच पायी आपल्या देशात एके काळी पुष्कळ घरांतील पैसा गेला आहे. १९५० च्या मागच्या-पुढच्या वर्षांत शब्दकोड्यांच्या बक्षिसी स्पर्धांचे पेव फुटले होते. वर्गणी भरावयाची, कोडे सोडवून पाठवावयाचे, आणि मोठमोठ्या रकमांची आशा करीत बसावयाचे. त्यांतील खुणा मुद्दाम दुहेरी असत. एकाच घरात दोन-तीन अक्षरे सारखीच शोभावीत, अशी त्यांची रचना. खरे उत्तर म्हणजे चालकांनी आधी ठरवून मोहरबंद करून ठेविलेले उत्तर. म्हणजे ‘नरक’ की ‘नरम’ याचा निर्णय भाषा करीत नसे, कुलपातला कागद करीत असे. विद्वान मनुष्य आणि अक्षरशत्रू यांची तेथे सारखीच गत होई. मुंबई सरकारने १९४८ मध्ये अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसविणारा कायदा केला. १९५५ मध्ये केंद्राने कायदा करून महिन्यास एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसाच्या स्पर्धांस बंदी घातली. बंगळूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकाच्या चालकांनी हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेले. १९५७ मध्ये निकाल लागला तो असा की, जुगार हा काही व्यापार नव्हे, आणि व्यापाराचे स्वातंत्र्य त्यास लागू होत नाही. कोडे आणि जुगार यांच्यात किती थोडे अंतर असते, ते यावरून ध्यानात यावे. उत्तर कोड्यात असेल तर तो बुद्धीचा खेळ. उत्तर घालणाऱ्याच्या खिशात असेल तर तो सट्टा. मुलांशी खेळताना पैसा नसतो हे खरे, पण खिशातले उत्तर पुष्कळदा असते.

आता मुलांचा विषय निघालाच आहे, तर एका शिक्षकाची हकीकत सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

लेनर्ड डॉव हे लंडनमधील स्ट्रँड स्कूल या शाळेचे मुख्याध्यापक. ‘डेली टेलिग्राफ’ची कोडी १९२५ पासून ते रचीत असत. दुसऱ्या महायुद्धात त्यांची शाळा सरे परगण्यातील एफिंगहॅम या गावी हलविण्यात आली. १९४४ च्या मे महिन्यात दोस्तांची सैन्ये फ्रान्सवर उतरण्याची गुप्त तयारी चालू असता, डॉव यांच्या कोड्यांची उत्तरे पाहून हेरखात्याची झोप उडाली. २ मे रोजी ‘युटा’, २२ मे रोजी ‘ओमाहा’: ही अमेरिकन सैन्य उतरावयाच्या दोन किनाऱ्यांची सांकेतिक नावे. २७ मे रोजी ‘ओव्हरलॉर्ड’: हे सबंध स्वारीचे नाव. ३० मे रोजी ‘मलबेरी’: हे समुद्रातून ओढून न्यावयाच्या कृत्रिम बंदरांचे. १ जून रोजी ‘नेपच्यून’: हे आरमारी मोहिमेचे. सैन्य उतरले ते ६ जूनला. मध्यंतरी दोन अधिकारी डॉव यांच्या दारी आले आणि त्यांनी त्यांची कसून उलटतपासणी केली. निष्पन्न काहीच झाले नाही. हे शब्द कोड्यात घालू नयेत असा नियम असेल तर तो मला ठाऊक असण्याचे कारण काय, असा त्या गृहस्थाचा रोख होता, आणि तो रास्तच होता. योगायोग म्हणून प्रकरण मिटले. डॉव १९६३ मध्ये वारले.

पुढे १९८४ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, त्या शाळेचा एक जुना विद्यार्थी बोलता झाला. त्याच्या सांगण्याप्रमाणे, डॉव आपल्या विद्यार्थ्यांस रिकाम्या चौकटी देत आणि त्यांत शब्द भरावयास सांगत. मुलांस तो बुद्धीचा व्यायाम आणि गुरुजींस आयती मदत. भरलेल्या शब्दांस खुणा मग ते स्वतः रचीत. हा मुलगा त्या वेळी चौदा वर्षांचा होता. जवळच सैनिकांच्या छावण्या होत्या, तेथे तो वरचेवर जाई. सैनिकांच्या बोलण्यात हे शब्द सारखे येत. कोठे आणि केव्हा, एवढेच गुपित होते. कानी पडलेले ते भारदस्त शब्द त्याने चौकटीत भरले. स्वारीनंतर डॉव यांनी त्यास बोलावून घेतले, त्याची टिपणवही पाहिली, ती जाळावयास लाविली, आणि ही गोष्ट कोणाजवळ काढणार नाही अशी बायबलवर शपथ घेवविली. तो चाळीस वर्षे गप्प राहिला. काही जण अजूनही हा सारा योगायोगच मानतात. तथापि त्या मनुष्याचे कथन आम्हास खरे वाटते, कारण मुलांच्या हाती चौकट दिली म्हणजे काय घडते, हे आम्ही पाहिले आहे. मुले चौकटीत शब्दकोश भरीत नाहीत. कानी पडलेले भरतात.

डॉव यांनी वही जाळविली याबद्दल त्यांस दोष देण्याचे आमच्या मनात नाही. युद्धाचे दिवस होते, फाशीच्या दोराची छाया अंगावरून जाऊन चुकली होती. पण त्याआधी त्यांनी जे केले, ते आपल्या घरांतून फारसे होत नाही, म्हणून त्याकडे वाचकांचे लक्ष वेधावेसे वाटते. आपण मुलांस कोडी घालतो. मुलांनी ती सोडवावीत, आपण ‘शाब्बास’ म्हणावे, अशी ही एका बाजूची देवघेव असते. रिकामी चौकट मुलांच्या स्वाधीन करून, ‘तुम्ही घाला, आम्ही सोडवितो,’ असे म्हणणारे वडीलधारे थोडे. त्यात आपण हरण्याचा संभव असतो, हे त्याचे एक कारण असेल.

या कामी आमच्या अनुभवाच्या दोन-चार गोष्टी अशा. आरंभी नऊ घरांहून मोठी चौकट देऊ नये. काळी घरे हवी तितकी घेऊ द्यावीत. ती मुलांच्या पायांखालची धोंड्यांची वाट असते. ह्रस्व-दीर्घ चुकले तर तेवढ्यापुरते दाखवावे, त्यावर व्याकरणाचा पाठ सुरू करू नये. उत्तर येत नसेल तर आपण ते सांगू नये. एखादे अक्षर विचारले तर द्यावे. घड्याळ लावू नये. आणि मुलाने आपल्याहून निराळे पण खुणेस बसणारे उत्तर दिले, तर ते मान्य करावे व आपली खूण सुधारावी. ही शेवटची गोष्ट सर्वांत अवघड, हे आमच्या अनुभवावरून सांगतो.

तेव्हा त्या दिवशी आम्ही हार मान्य केली आणि तिसरी खूण सुधारावयास बसलो. ‘नरापुढे मायेचे पहिले अक्षर आले की तो कसा होतो?’ असे आम्ही म्हणताच नातीने पुन्हा अडविले. “मायेचे पहिले अक्षर ‘मा’. मग ‘नरमा’ होईल.” बाराखडीचा नियम आम्हीच तिला घटकाभरापूर्वी शिकविला होता! इतक्यात दाराशी उभे राहून हा गोंधळ ऐकणाऱ्या तिच्या आजीने सांगितले, “ममतेचे म्हणा की.” नरापुढे ममतेचे पहिले अक्षर आले की तो कसा होतो? नरम होतो. अर्थ आणि बनावट दोन्ही एका ठायी आली. ‘नरक’ला आता जागा उरली नाही. इतक्या वर्षांत आम्ही रचलेल्या खुणांत ही सर्वांत नेटकी असेल, आणि ती आमची नाही.

दुसऱ्या दिवशी नातीने पंचवीस घरांची चौकट आखून आणिली आणि आम्हापुढे ठेविली. काळी घरे पुष्कळ होती, अक्षर चांगले होते. मधल्या आडव्या ओळीत तीन घरांचा एक शब्द होता. त्याची खूण अशी: पाट्यावर न वाटताही वाटतात, मोठी माणसे दार लावून बोलतात.

उत्तर आम्हास तत्काळ आले आणि ते मोठ्याने उच्चारवेना. काही आठवड्यांपासून घरात वाटणीची गोष्ट निघाली होती. आम्ही भाऊ-भाऊ रात्री वरच्या माडीवर बसून ती बोलत होतो, दार लावून, हलक्या आवाजात. मुलांस यातले काही ठाऊक नाही, अशी आम्हा सर्वांची खात्री होती. झिमेनीझच्या दंडकास उतरणारी ती खूण होती. शब्द कसा बनला याची वाट तीत होती, अर्थ होता, आणि अधिक काही नव्हते.

क्षणभर तो कागद बाजूस सारावा, ‘हा शब्द घालू नये,’ असे सांगावे, असे आमच्या मनात येऊन गेले. एफिंगहॅमची जळालेली वही आठवली. आम्ही पेन्सिल घेतली आणि ती तीन अक्षरे तीन घरांत लिहिली. नातीने पाहिले आणि विचारले, “बरोबर आहे ना, आजोबा?” ते बरोबर होते आणि खूणही चोख होती, असे आम्ही तिला सांगितले.

त्या रात्री जेवणे झाल्यावर ती गोष्ट पुन्हा निघाली, तेव्हा आम्ही माडीवर न जाता माजघरातच बसलो आणि दार उघडे ठेविले. मुले तेथेच होती. जे त्यांस समजले नाही ते त्यांनी विचारले, आणि त्यांच्या काक्यांनी व काकांनी ते समजावून सांगितले. काय ठरले, हा घरचा विषय आहे. इतके खरे की, त्यानंतर तिच्या कोड्यांतून तो शब्द पुन्हा आलेला नाही.

त्या पंचवीस घरांतील दोन उभे शब्द अद्याप आम्हास सुटलेले नाहीत. उत्तर सांगू नये, असे आम्ही तिला बजावून ठेविले आहे.